जुन्या दफनभूमीतील माजी सैनिकांच्या कबरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील शहरांच्या जुन्या दफनभूमीत, म्हणजे बोलताना आपण ज्याला सिमितेर म्हणतो तेथे, व्यापारी, डॉक्टर, शिक्षक आणि तारवटी, म्हणजे जहाजांवरचे खलाशी, यांच्या शेजारीच सैन्यात नोकरी केलेली माणसेही विसावलेली आहेत. त्यांच्यासाठी वेगळी रांग नाही आणि वेगळ्या घडणीचा दगडही नाही, त्यामुळे एकेक नाव वाचत गेल्याशिवाय ती सापडत नाहीत. पणजीतील आम्ही काही मराठी भाषक मंडळी, त्यांत हिंदू आहेत तसेच ख्रिस्तीही आहेत, अशा कबरी शोधतो, त्यांची नोंद करतो, त्या झाडून स्वच्छ ठेवतो आणि वर्षातून एकदा तेथे एकत्र जमतो. या कामात येऊ इच्छिणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : नाव, हुद्दा आणि पलटण आधी बिनचूक वाचावी, फूल त्यानंतर ठेवावे.

तुम्ही माजी सैनिक कोणाला म्हणता?

भूदल, नौदल किंवा हवाईदल यांपैकी कोणत्याही नियमित सेनादलात ज्याने किंवा जिने सेवा केली, त्या प्रत्येकाचे नाव आमच्या वहीत येते, मग ती व्यक्ती आघाडीवर लढलेली असो, कोठारात हिशेब लिहीत राहिलेली असो किंवा लष्करी बँडमध्ये वाद्य वाजवत असो. वादकांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण चर्चच्या शाळेत घेतलेल्या गोमंतकीयांना पलटणींच्या बँडमध्ये मोठी मागणी होती, आणि त्यांच्या दगडावर बंदुकीचे किंवा तलवारीचे चिन्ह नसल्यामुळे ते हमखास नजरेतून सुटतात.

परिचारिकांचेही तसेच होते. भारतीय मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची स्थापना १ ऑक्टोबर १९२६ रोजी झाली आणि तिच्यातील परिचारिकांना अधिकाऱ्यांचे हुद्दे असतात, परंतु कबरीवर अनेकदा नुसते ‘सिस्टर’ असे लिहिलेले असते. वाचणारा ती धर्मभगिनी समजून पुढे जातो. म्हणून ‘सिस्टर’ हा शब्द दिसला की आम्ही घरच्यांना विचारल्याशिवाय निष्कर्ष काढत नाही.

व्यापारी जहाजांवरचे तारवटी काटेकोर अर्थाने सैनिक नव्हेत, तरीही त्यांच्यासाठी आम्ही दुसरी वही ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांची जहाजे बुडवली गेली. शत्रूच्या कारवाईत मृत्यू आलेल्या व्यापारी खलाशांची स्मृती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनही जपते. मुंबई आणि चितगाव येथील १९३९ ते १९४५ या काळाच्या स्मारकावर रॉयल इंडियन नेव्हीतील आणि व्यापारी जहाजांवरील अशा सहा हजारांहून अधिक लोकांची नोंद आहे, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही. गोव्यातील एखाद्या कौटुंबिक दगडावर शेवटच्या ओळीत ‘समुद्रावर मृत्यू’ असे लिहून फक्त वर्ष दिलेले असेल, तर त्या दगडाखाली तो माणूस नसतो. तरीही आम्ही तेथे थांबतो.

या सर्वांना ‘शहीद’ म्हणावे का?

म्हणू नये, आणि त्यात अनादर अजिबात नाही. नोंद करताना आम्ही ‘सेवेत असताना मृत्यू’ किंवा ‘निवृत्तीनंतर मृत्यू’ एवढेच लिहितो. आपल्याकडे भाद्रपद वद्य पक्षात तिथीनुसार श्राद्ध केले जाते, पण शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी चतुर्दशी वेगळी राखलेली आहे आणि पंचांगात ती ‘शस्त्रादिहत’ या शब्दाने छापलेली असते. पूर्वजांनी हा भेद केला तो कोणाला कमी लेखण्यासाठी केला नव्हता. वीस वर्षे इमाने नोकरी करून, घरी येऊन, नातवंडे पाहून गेलेल्या हवालदाराला त्याच्या खऱ्या आयुष्यासह आठवावे, त्याच्यावर न घडलेले मरण लादू नये.

दगडावरून तो सैनिकाचा आहे हे कसे ओळखावे?

गोव्यात हे काम अवघड होते ते भाषेमुळे. एकाच दफनभूमीत पोर्तुगीज, इंग्रजी, रोमी लिपीतील कोंकणी आणि क्वचित लॅटिन अशा चार भाषांतील लेख आढळतात. पोर्तुगीज दगडावर आरंभी बहुधा ‘आकी जाझ’ म्हणजे ‘येथे विसावला आहे’ असे असते, ‘नासेउ’ म्हणजे जन्म, ‘फालेसेउ’ म्हणजे मृत्यू, आणि अखेरीस ‘एतेर्ना सौदाद’, ज्याचा अर्थ न संपणारी ओढ असा सांगता येईल. हुद्द्यांपैकी ‘सोल्दादु’ म्हणजे शिपाई, ‘काबु’ म्हणजे साधारणपणे नाईकाच्या बरोबरीचा, ‘सार्जेंतु’, ‘आल्फेरिश’, ‘तेनेंत’ आणि ‘कापितांव’ हे शब्द पूर्ण किंवा संक्षिप्त रूपात दिसतात. ‘काबु’ या शब्दाला भूशिर असाही अर्थ आहे, काब द राम या किल्ल्याच्या नावात तोच आहे. त्यामुळे तो शब्द नावाच्या आधी आला आहे की गावाच्या नावात, हे पाहावे लागते.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘पी. एन. ए. एम.’ या चार अक्षरांमुळे. ती एखाद्या पलटणीची अक्षरे आहेत असे आमच्यातील काहींना सुरुवातीला वाटले होते आणि तशा दोन नोंदीही झाल्या होत्या. प्रत्यक्षात तो ‘पाद्रे नोसो’ आणि ‘आवे मारिया’ या प्रार्थनांचा संक्षेप आहे. वाचणाऱ्याने मृतात्म्यासाठी त्या म्हणाव्यात अशी ती विनंती असते.

इंग्रजी दगडांवर सेवा क्रमांक, दलाचे संक्षिप्त नाव आणि पदकांची अक्षरे शोधावीत. ‘आय. ए. एम. सी.’ हे १९४३ साली स्थापन झालेल्या इंडियन आर्मी मेडिकल कोअरचे नाव आहे आणि गोमंतकीय डॉक्टरांच्या संदर्भात ते विशेष लक्षात ठेवावे. अक्षरे पुसट झाली असतील तर सकाळी लवकर किंवा सायंकाळी, ऊन तिरपे असताना जावे. भर दुपारी जो दगड कोरा वाटतो तोच सायंकाळी पाचच्या सुमारास वाचता येतो. ऊन पोहोचत नसेल तर आरशाने प्रकाश बाजूने टाकावा. खडू, पीठ किंवा कोळसा अक्षरांत मुळीच भरू नये.

दगड काहीच सांगत नसेल तर पुढे कुठे पाहावे?

आधी घर, मग चर्च, मग सरकारी दफ्तर, असा क्रम ठेवावा. घरात बहुधा सेवामुक्तीचे पुस्तक, पेन्शनचा कागद किंवा ट्रंकेच्या तळाशी पदक असते. चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात, मात्र त्या खाजगी स्वरूपाच्या असल्यामुळे पाद्रींची वेळ घेऊन, कारण सांगून, मगच पाहायला मागाव्यात. पणजीचे पुराभिलेखागार, ज्याचा आरंभ १५९५ साली पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कौतु याच्या हाती झाला, हे पोर्तुगीज काळातील कागदपत्रांचे मोठे भांडार आहे. स्वातंत्र्योत्तर काळातील सैनिकांसाठी सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी. तेथे विधवा आणि अवलंबित यांच्या नोंदीही असतात.

एखादा महायुद्धकाळातील सैनिक गोव्यात सापडत नसेल तर पुण्याजवळच्या खडकी युद्धस्मशानाची यादी पाहावी. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या कबरींची कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, त्या दुसऱ्या महायुद्धाच्या कबरी एकत्र आणण्यासाठी ते उभारले गेले आणि तेथे १,६६८ राष्ट्रकुल सैनिक आहेत. तेथे सेनापती आणि शिपाई यांच्या दगडांचा आकार सारखाच आहे.

पोर्तुगीज सैन्यात असलेल्यांच्या कबरीवर आपण फूल का ठेवावे?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि त्या रागामागे साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे हे आम्ही जाणतो. डिसेंबर १९६१ मध्ये मेजर जनरल कँडेथ यांच्या आधिपत्याखालील १७ व्या इन्फंट्री डिव्हिजनने आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने गोवा मुक्त केला. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जवान धारातीर्थी पडले आणि आग्वाद येथे राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांनी प्राण दिले. हवाई मोहिमेची जबाबदारी असलेले एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो हे मूळचे गोमंतकीय होते. आमच्या मनात या सर्वांचे स्थान कोठे आहे, याविषयी शंकेला जागा नाही.

तरीही पोर्तुगीज गणवेशातील प्रत्येक माणूस एका मापाने मोजता येत नाही. सप्टेंबर १८९५ मध्ये याच सैन्यातील मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तो मोडला, ते सत्तरी तालुक्याकडे निघून गेले आणि दादा राणे यांच्या पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या उठावात सामील झाले. तो शमवण्यासाठी पोर्तुगालहून राजाच्या भावाला फौज घेऊन यावे लागले. पोट भरण्यासाठी किंवा दुसरी नोकरी नव्हती म्हणून त्या सैन्यात गेलेले गावातील तरुण होते आणि त्यांच्या आयांनी त्यांच्यासाठी मेणबत्त्या लावल्या होत्या. आम्ही अशा कबरींची नोंद करतो, त्या स्वच्छ ठेवतो, मात्र तेथे तिरंगा लावत नाही आणि मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात त्यांची नावे घेत नाही. त्यांच्यासाठी २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस पुरेसा आहे. हा आमचा निर्णय आहे. एखाद्या सदस्याला तेवढेही करायचे नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही.

दोनापावलाच्या ब्रिटिश दफनभूमीचाही यात समावेश होतो का?

होत नाही. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटिश फौजा गोव्यात तळ ठोकून होत्या, त्या वास्तव्याची ती खूण आहे आणि अभ्यासकांनी ती जरूर पाहावी. आमचे काम ज्यांची माणसे अजून गोव्यात किंवा गोव्याशी जोडलेली आहेत अशा कबरींपुरते मर्यादित आहे.

आजोबा येथेच पुरले होते हे नक्की, पण आता तेथे दुसऱ्याचे नाव आहे. असे कसे झाले?

गोव्याबाहेरून येणाऱ्यांना याचा धक्का बसतो, म्हणून सविस्तर सांगतो. आपल्याकडील चर्चच्या दफनभूमींत जागा थोडी असते. ज्या कुटुंबाने कायमची कबर घेतलेली नाही त्याला जागा ठराविक मुदतीसाठी मिळते, ती साधारणपणे काही वर्षांची असते, आणि त्यानंतर कबर उघडून अस्थी भिंतीतील कोनाड्यात किंवा सामायिक अस्थिकूपात ठेवल्या जातात. ती जागा मग दुसऱ्या मृताला मिळते. यात कोणाचा अपमान केलेला नसतो. ही जुनी, सर्वांना ठाऊक असलेली रीत आहे.

आमच्या दृष्टीने अडचण अशी की शिपाई आणि नाईक यांच्यापैकी पुष्कळांच्या कुटुंबांना कायमची जागा परवडत नव्हती. त्यामुळे संगमरवरी दगडाखालचे अधिकारी आपल्याला दिसतात आणि सामान्य शिपाई भिंतीत गेलेले असतात. म्हणूनच आम्ही कोनाड्यांवरच्या लहान पाट्याही एकेक करून वाचतो, आणि पाटीही नसेल तर मृत्यूच्या नोंदवहीतील नाव, वर्ष आणि हुद्दा आमच्या वहीत उतरवून घेतो. वर्षातून एकदा आम्ही जमतो त्या दिवशी भिंतीसमोर एकच मोठे पुष्पचक्र ठेवून ही सर्व नावे मोठ्याने वाचली जातात. ज्यांना फूल ठेवायला जागा सापडत नाही ते नातेवाईक बहुधा येथेच उभे राहतात, आणि आपल्या माणसाचे नाव ऐकण्यासाठी काही जण मुंबईहूनही येतात.

हिंदू सैनिकांना कबर नसते. ते यातून वगळले जातात का?

जागा दफनभूमी असल्यामुळे तेथे त्यांची नावे नसणार, हे खरे आहे. पण दगडावर वीराची आठवण कोरण्याची परंपरा या भूमीत क्रूस येण्यापूर्वीची आहे. कदंबकाळातील वीरगळ गोव्यात अनेक ठिकाणी मिळाले आहेत आणि त्यांपैकी काहींवर जहाजावरील लढाई कोरलेली आहे. खालच्या पट्टीत युद्ध, मधल्या पट्टीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची मांडणी असते. वीरगळावर अनेकदा नावच नसते आणि गाव त्याला देव समजून शेंदूर लावते. कबरीच्या दगडाने नाव टिकवले, हे त्याचे मोठेपण मान्य करावे. हिंदू आणि मुस्लिम माजी सैनिकांची नावे आम्ही त्यांच्या घरच्यांकडून घेतो आणि नामवाचनात समाविष्ट करतो. कब्रस्तानात जायचे असल्यास तेथील कमिटीला विचारून, त्यांच्या रिवाजाप्रमाणेच जावे.

मी हिंदू आहे. सिमितेरात गेल्यावर काय करावे, काय करू नये?

पांढरी किंवा पिवळी फुले आणि मेणबत्ती न्यावी. हळदकुंकू, गुलाल, नारळ फोडणे हे घरच्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय करू नये. कबरीवर पाय पडू देऊ नये, काठावर बसू नये. परतल्यावर स्नान करायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे.

परवानगी कोणाची लागते?

दोघांची लागते. दफनभूमी चर्चची असेल तर पाद्री आणि फाब्रिका, म्हणजे चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणारी समिती, यांची, नगरपालिकेची असेल तर पालिकेची. आणि त्याशिवाय त्या कबरीच्या कुटुंबाची. पहिली परवानगी मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असे समजू नये. एका कुटुंबाने आम्हाला नकार दिला होता, कारण सैन्यातल्या त्या वर्षांनीच त्यांचा माणूस त्यांच्यापासून तोडला होता. आम्ही ते नाव वहीतून काढले.

कोणत्या दिवशी जावे?

१९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन आमचा मुख्य दिवस आहे. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन आणि १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, जो फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली ज्या तारखेला निवृत्त झाले तिच्या स्मरणार्थ पाळला जातो, हेही योग्य आहेत. २ नोव्हेंबर मात्र कुटुंबांचा दिवस असतो. त्या दिवशी बॅनर, माइक आणि छायाचित्रकार घेऊन जाऊ नये.

प्रत्येक कबरीवर छोटा तिरंगा लावता येईल का?

लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वजाचा जमिनीला स्पर्श होता कामा नये आणि शासकीय, लष्करी वा निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार सोडून त्याचा आच्छादनासाठी उपयोग करता येत नाही. अंत्यसंस्काराच्या वेळीही केशरी पट्टा शवपेटीच्या शिराकडे ठेवतात आणि पेटी खाली सोडण्यापूर्वी ध्वज काढून घेतात. तो कबरीत किंवा चितेवर जात नाही. जो ध्वज दफनाच्या क्षणी काढून घेतला जातो, तोच काठीला लावून मातीत खोचणे आम्हाला पटत नाही. शिवाय कागदी झेंडे वाऱ्याने उडून दोन दिवसांत वाटेवर पडलेले दिसतात. परवानगी घेऊन, प्रवेशद्वाराजवळ, योग्य काठीवर एकच ध्वज लावावा आणि काठीला हार घालू नये.

दगड कसा स्वच्छ करावा?

येथे घाई करणाऱ्यांनी सर्वांत जास्त नुकसान केले आहे, आणि त्यांत आम्हीही होतो. पहिल्या वर्षी एका सुभेदाराच्या संगमरवरी पाटीवर आम्ही न्हाणीघरातील फरशी धुण्याचे ॲसिड ओतले. पाटी तासाभरात पांढरी झाली, सर्वांना आनंद झाला; पण पावसाळ्यानंतर पाहिले तेव्हा पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत झाला होता आणि नावाच्या कडा बोथटल्या होत्या. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते आम्लात विरघळते, ही शाळेत शिकलेली गोष्ट त्या दिवशी कोणालाच आठवली नाही. ते नाव अजून वाचता येते, पण आम्ही त्याचे आयुष्य कमी केले आहे आणि त्याची भरपाई नाही.

आता आम्ही फक्त स्वच्छ पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि लाकडी किंवा बांबूची चपटी काडी वापरतो. दगड आधी पूर्ण भिजवावा, खालून वर घासत जावे म्हणजे मळकट ओघळ कोरड्या भागावर उतरत नाहीत, आणि शेवटी पुष्कळ पाण्याने धुवावा. तारेचा ब्रश, ब्लीचिंग पावडर, साबणाचा सोडा आणि जोराच्या फवाऱ्याचे यंत्र ही चारही वर्ज्य समजावीत. दगडफुलाचे डाग एका दिवसात जात नाहीत. तीन फेऱ्यांत जेवढे निघतील तेवढे काढून बाकीचे राहू द्यावेत. दगड पोकळ वाजत असेल किंवा त्याचे पापुद्रे सुटत असतील तर हातही लावू नये.

कबरीचा चौथरा बहुधा जांभ्याचा, म्हणजे चिऱ्याचा असतो. चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो आणि नंतर ते हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की पाणी आत कोंडते आणि चिरा आतून भुसभुशीत होतो, बाहेरून मात्र काम नवे दिसत राहते. जुना चौथरा चुन्यात बांधलेला असेल तर दुरुस्तीही चुन्यातच, ते काम जाणणाऱ्या गवंड्याकडून करून घ्यावी. भेगेत उगवलेला पिंपळ किंवा वड उपटू नये, कारण मुळांबरोबर चिरे सुटतात. तो वारंवार छाटून वाळू द्यावा. सफाईसाठी पावसाळा संपल्यानंतरचे, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने चांगले, कारण शेवाळ तेव्हा मऊ असते.

पुसट अक्षरे काळ्या रंगाने भरावीत का?

भरू नयेत. रंगवणारा जे अक्षर आहे असे समजतो तेच पुढे कायमचे होते. वाचन वेगळ्या कागदावर लिहावे, शंकास्पद अक्षराखाली रेघ मारावी.

बिगुल, सलामी, गणवेश यांचे काय?

बंदुकीची सलामी हा सेनादलांचा अधिकार आहे, तिची नक्कल करू नये. बिगुल वाजवणारे निवृत्त सैनिक मिळाले तर उत्तम. ध्वनिमुद्रण लावण्यापेक्षा दोन मिनिटे शांत उभे राहणे आम्हाला अधिक योग्य वाटते. माजी सैनिकांनी आपली पदके लावून यावे. दुसऱ्याची पदके कोणीही लावू नयेत, मात्र आजोबांची पदके डबीतून आणून कबरीपाशी काही वेळ ठेवणाऱ्या नातवंडांना आम्ही जागा करून देतो.

दगडावरचे नाव आणि सैन्याच्या कागदावरचे नाव जुळत नाही. कोणते खरे मानावे?

दोन्ही लिहून ठेवावीत. भरतीच्या वेळी कारकुनाने जे ऐकले ते लिहिले, त्यामुळे पोर्तुगीज वळणाचे आडनाव इंग्रजी वळणाचे झाले, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी गेले, कधी गावाचे नावच आडनाव ठरले. नामवाचनाच्या वेळी आम्ही दगडावरचे नाव घेतो, कारण ते घरच्यांनी निवडलेले असते. कागदावरचे नाव वहीत त्याच्याखाली असते, पुढे शोध घेणाऱ्याला तेच उपयोगी पडते.

आम्ही परदेशात आहोत, गोव्यात आता घरचे कोणी नाही. आमच्या वडिलांची कबर पाहाल का?

पाहू. त्यासाठी पूर्ण नाव, मृत्यूचे वर्ष, चर्चचे नाव, माहीत असल्यास सेवा क्रमांक आणि कबरीचे किंवा अंत्यविधीचे जुने छायाचित्र पाठवावे. छायाचित्रात मागे दिसणारी भिंत, एखादे झाड किंवा शेजारचा मोठा क्रूस यांवरून जागा ठरवता येते, म्हणून ते कापून न पाठवता संपूर्ण पाठवावे. कबर सापडल्यास आम्ही आजच्या स्थितीचे छायाचित्र तुम्हालाच पाठवतो, तुमच्या संमतीशिवाय इतरत्र देत नाही. साधारणपणे पावसाळ्यात शोध थांबतो, कारण गवत कमरेएवढे वाढते आणि सापही असतात. मे महिन्यानंतर आलेली पत्रे आम्ही ऑक्टोबरमध्ये हाती घेतो.